हॉलमधलं कॅबिनेट आणि नागपूरचा मे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: त्रिमूर्तीनगरात आईवडिलांसोबत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. त्या इंटिरियरचं काम करतात. दिवसभर थ्रीडी रेंडर चालतात, शनिवार-रविवार थोडं गेमिंग. लॅपटॉप आता दमला आहे, म्हणून पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडायचा आहे: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, ३२ जीबी रॅम. बेडरूममध्ये जागा नाही, त्यामुळे पीसी हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात जाणार. युनिट दीड फूट खोल आहे. त्यांचं मन फ्रॅक्टल डिझाइनच्या टेरा या दहा लिटरच्या, अक्रोडाची पट्टी लावलेल्या कॅबिनेटवर, म्हणजे पीसीचे भाग ज्यात बसतात त्या डब्यावर, बसलं आहे. बर्डीतला दुकानदार म्हणतो, "एवढ्याशा डब्यात मशीन भाजून निघेल, मिड टॉवर घ्या." आई म्हणते, "तो मोठा डब्बा हॉलमध्ये नको बापा." कॅबिनेटसाठी पंधरा हजार बाजूला काढले आहेत, अजून काहीच घेतलेलं नाही. प्रश्न असा की, सुंदर आणि छोटं घ्यावं, की मुकाट्याने मोठं?

आधी दुकानदाराचं बोलणं घेऊ, कारण ते निम्मं खरं आहे. मशीन तापते ती डबा लहान असतो म्हणून नव्हे, गरम हवेला बाहेर जायला वाट नसते म्हणून. समोर सबंध काच, हवा आत घ्यायला कडेला बोटभर फट आणि आत सात रंगांचे दिवे, असा पंचेचाळीस लिटरचा टॉवर अठरा लिटरच्या जाळीदार डब्यापेक्षा जास्त तापू शकतो. लिटर म्हणजे फक्त पोकळी. हवा कुठून शिरते, कुठून निघते आणि वाटेत काय आडवं येतं, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

उरलेलं निम्मं मात्र नागपूरचं आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेही नाही. कॅबिनेटचे जे रिव्ह्यू आपण पाहतो ते बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेले असतात. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. (मे २०२४ च्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले तेव्हा देशभर गवगवा झाला. तो सेन्सरचा बिघाड निघाला. पण ४५ ला इथे कुणी बिघाड म्हणत नाही.) कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे हिशेब सरळ बेरजेचा आहे: रिव्ह्यूमधलं तापमान, अधिक तुमच्या हॉलचा आणि त्या खोलीचा फरक. बावीस अंशांत प्रोसेसर ७८ वर राहिला असेल, तर ३८ अंशांच्या हॉलमध्ये तो ९४ च्या आसपास जाईल. ७६०० ची मर्यादा ९५ आहे.

तिथे पोचल्यावर काही जळत नाही, एवढं मनातून काढून टाका. प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, रेंडरला वेळ लागतो आणि पंखे जीव खाऊन फिरू लागतात. म्हणजे तुमची खरी अडचण आगीची नसून आवाजाची आहे. तो आवाज हॉलमध्ये होणार, संध्याकाळी सात ते नऊ, आईच्या मालिकांच्या वेळी. सुंदर डब्याबद्दलचं आईचं मत तिथे बदलेल, अक्रोडाची पट्टी बघून नाही.

आता टीव्ही युनिटचा कप्पा. तुमची सगळी चर्चा डब्याच्या आकाराभोवती फिरते, आणि मला त्याहून जास्त काळजी या कप्प्याची वाटते. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, ५०६० कार्ड १४५ वॅटचं, बाकी मदरबोर्ड (यापुढे नुसता बोर्ड), रॅम, पंखे मिळून पन्नासेक धरा. पूर्ण भारावर पावणेतीनशे-एक वॅट. प्लायवूडच्या तीन बाजूंनी बंद कप्प्यात हे ठेवलं, की बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा आत येते आणि अर्ध्या तासात कॅबिनेटची 'खोली' ३८ अंशांची न राहता पन्नासच्या दिशेने सरकते. मग टेरा असो की मिड टॉवर, दोघांचं सारखंच. काचेचं दार असलेल्या कप्प्याचा तर विचारही नको. पीसी युनिटच्या वर ठेवा, टीव्हीच्या बाजूला, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे. वर जागाच नसेल तर कप्प्याची मागची प्लाय सुताराकडून पूर्ण कापून घ्या. चार भोकं पाडून भागत नाही.

आणि कूलर. इथून पुढे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या, त्याच्यावर बसणाऱ्या वस्तूला हीटसिंकच म्हणू या, कारण नागपुरात कूलर म्हटलं की खिडकीतलाच. तो चालू असताना मे महिन्यात हॉल अठ्ठावीस-तीसवर येतो, आणि पीसीलाही त्याचा फायदा मिळतो. पण थेट झोतात पीसी ठेवू नका. ताट्यांच्या गवताचे तूस उडतात, आणि पाण्यातले क्षार बारीक तुषारांसोबत येऊन जाळीवर पांढरट थर धरतात. झोताच्या बाजूला, पाच-सहा फूट अंतरावर ठीक. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा काही उपयोग नसतो. त्यामुळे तुमचा हिशेब कूलर बंद असलेल्या दुपारचा असू द्या. शंभर-दीडशे रुपयांचा भिंतीवरचा थर्मामीटर आणा आणि पीसी जिथे बसणार त्याच जागी दुपारी चारला वाचा. तो आकडा हाताशी असल्याशिवाय कुठलाही रिव्ह्यू बघून उपयोग नाही.

जागा ठरली की माप. इथेही लिटर फसवतात. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला लिटर दिसत नाहीत, पुढचा चेहरा आणि रुंदी दिसते. टेरा ३४३ मिमी लांब, १५३ रुंद, २१८ उंच. कूलर मास्टरचं एनआर२००, जे सव्वाअठरा लिटरचं आहे, ते ३७६ लांब, १८५ रुंद, २९२ उंच. म्हणजे लिटर जवळपास पावणेदोन पट, पण रुंदीचा फरक तीन सेंटिमीटर. पुढचं लियान ली ए३-एमएटीएक्स २६.३ लिटरचं, पण १९४ रुंद आणि ३०६ उंच. समोरून ते एनआर२०० पेक्षा जेमतेम बोटभर मोठं दिसतं. वाढ सगळी मागे जाते: ४४३ मिमी. असुसचं प्राइम एपी२०१ तेहेतीस लिटरचं, ४६० लांब, २०५ रुंद, ३५० उंच. हे मात्र आईच्या व्याख्येतला 'मोठा डब्बा' आहे.

तुमचं युनिट दीड फूट, म्हणजे ४५७ मिमी खोल. मागे एचडीएमआय आणि पॉवर केबल वळायला किमान ५० मिमी सोडा. टेराला ३९३ लागतात, एनआर२०० ला ४२६. दोन्ही बसतात. ए३ ला ४९३ लागतील, ते पुढे डोकावेल. तुमच्यापुरता प्रश्न टेपनेच बराचसा सुटला. ज्यांचं टेबल दोन फूट खोल आहे त्या वाचकांनी मात्र ए३ किंवा तसल्या मायक्रो-एटीएक्स (मधल्या मापाच्या) कॅबिनेटकडे आधी बघावं. त्यात २४४ मिमीचा मोठा बोर्ड आणि नेहमीच्या एटीएक्स मापाचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसतो, आणि दोन्ही गोष्टी छोट्या भावंडांपेक्षा सहसा स्वस्त पडतात. छोट्या कॅबिनेटची किंमत कॅबिनेटवर संपत नाही. १७० मिमीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड, छोट्या एसएफएक्स मापाचा एसएमपीएस, बुटका हीटसिंक, सगळ्यांवर थोडे थोडे जास्त जातात. तुमचे पंधरा हजार फक्त डब्याचे आहेत की या सगळ्या वरखर्चाचे, ते आधी कागदावर मांडा.

विकत घेण्याआधी एक काम आठवडाभर करून बघा. मिक्सरच्या किंवा पंख्याच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, ३७६ बाय १८५ बाय २९२ चा, म्हणजे एनआर२०० च्या मापाचा डबा कापून चिकटवा, त्यावर करडा किंवा पांढरा कागद लावा आणि युनिटवर ठेवून द्या. मागे पन्नास मिमी सोडून. आई तीन दिवसांत त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालते का, त्यावर रिमोट आणि चष्मा ठेवते का, ते बघा. हसू नका. या कॅबिनेटमधून गरम हवा वरून निघते, आणि घरातला रुमाल हा तिचा पहिला शत्रू आहे. तळातून हवा घेणाऱ्या डब्याखाली टेबलक्लॉथ असेल तर तोही काढावा लागेल. ही बोलणी खऱ्या डब्यावर करण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या डब्यावर केलेली बरी.

आता तुमच्या आवडीच्या टेराकडे न्यायाने बघू. डबा देखणा आहे यात वाद नाही, आणि तुमचे भाग त्यात बसतात. त्याची गंमत मधल्या कण्यात आहे. एका बाजूला प्रोसेसर, दुसऱ्या बाजूला ग्राफिक कार्ड, मधे पुढेमागे सरकणारी पट्टी. हीटसिंकला ७७ मिमी दिले तर कार्डाला ४३ उरतात. हीटसिंक ४८ चा केला तर कार्डाला ७२ मिळतात. बेरीज कायम १२०. कार्डाच्या खोक्यावर 'दोन स्लॉट' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. एक स्लॉट २०.३ मिमीचा, म्हणजे खरोखर दोन स्लॉटचं कार्ड ४१ च्या आसपास, पण 'अडीच स्लॉट'वालं ५० ला टेकतं. ५०६० मध्ये दोन पंख्यांची पातळ कार्डं मिळतात, ती घेतलीत तर ६७ मिमीचा थर्मलराइट एएक्सपी१२०-एक्स६७ किंवा ७० मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल१२एस आरामात मावतो. ७६०० सोबत खोक्यात येणारा ५४ मिमीचा हीटसिंकही बसतो. पण मे महिन्यात रेंडर लावून त्याच्याकडून शांततेची अपेक्षा ठेवू नका. बुटका हीटसिंक घेतला की रॅम उघडी, चमकदार टोपीशिवायची घ्या. तिची उंची ३१ मिमीच्या आसपास असते. टोपीवाली चाळीसच्या पुढे जाते आणि हीटसिंकच्या पंखाखाली अडकते.

टेरामध्ये कार्ड थेट बोर्डावर बसत नाही, रायजर केबलवरून जोडलं जातं. नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त तास इथे वाया जातात. टेरासोबतची केबल पीसीआयई (बोर्ड आणि कार्ड यांच्यातली जोडणी) चौथ्या पिढीची आहे, ५०६० पाचव्या पिढीचं. बोर्डाची सेटिंग 'ऑटो'वर असेल, बोर्डही पाचव्या पिढीचा स्लॉट देत असेल, तर बोर्ड आणि कार्ड आपसात पाचव्या पिढीचा वेग ठरवून मोकळे होतात आणि मधल्या केबलला तो झेपत नाही. मग कधी स्क्रीनच येत नाही, कधी विंडोज नीट चालतं आणि गेम सुरू होताच काळोख. लोक कार्ड खराब समजून वॉरंटीत पाठवतात, ते 'दोष नाही' म्हणून परत येतं. उपाय पाच मिनिटांचा. कार्ड न लावता, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडून सुरू करा (७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक आहे, नावात 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं), बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) कार्डाच्या स्लॉटचा वेग हाताने चौथ्या पिढीवर ठेवा, सेव्ह करा, मग कार्ड लावा. वेगातला फरक डोळ्याला दिसणार नाही. रायजर असलेलं कुठलंही छोटं कॅबिनेट सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: २०२१ मध्ये एक लोकप्रिय छोटं कॅबिनेट अमेरिकेत परत मागवलं गेलं, कारण रायजर पक्कं करणाऱ्या स्क्रूमुळे शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. जुनं कॅबिनेट घेताना मॉडेलचं नाव टाकून असं परत मागवणं झालं आहे का, ते एकदा शोधा.

तुम्ही फक्त संध्याकाळी दोन तास गेम खेळणाऱ्या असत्या, तर टेरा घ्या म्हणून विषय संपवला असता. पण रेंडर वेगळं असतं. गेममध्ये प्रोसेसरला मधे मधे श्वास मिळतो, रेंडर तासन्‌तास शंभर टक्क्यांवर बसतं. त्याला उंच हीटसिंक हवा, आणि बुटक्या डब्यात तो बसत नाही. म्हणून तुमच्यासाठी माझं मत एनआर२०० किंवा त्याच बांध्याचा अठरा-वीस लिटरचा जाळीदार डबा. त्यात १५५ मिमीपर्यंतचा हीटसिंक बसतो. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बरोबर १५५ चा आहे, आणि थोडी सैल जागा हवी असेल तर त्याचाच मिनी १३५ चा. कार्डाला ३३० मिमी लांबी मिळते आणि ते थेट बोर्डावर बसतं, म्हणजे रायजरची वरची सगळी भानगड गेली. हा १५५ चा आकडा जाळीच्या झडपेचा, म्हणजे कडेच्या झाकणाचा आहे. काचेची झडप लावली किंवा कार्ड उभं केलं की तो घटतो. काच नकोच. हॉलमध्ये रॅम कुणाला दाखवायची आहे? याच नावाने पुढे सुधारित आवृत्त्याही आल्या आहेत, त्यांची मापं वेगळी. मी दिलेली मापं मूळ एनआर२०० ची.

पण हा डबा टेराइतका देखणा नाही, हे तुम्ही म्हणणार, आणि खरंच नाही. इथे तुमचाच व्यवसाय कामाला येतो. एनआर२०० चा पुढचा भाग हवेचा मुख्य रस्ता नाही. हवा तळातून आणि कडेच्या जाळीतून येते, वरून आणि मागून जाते. म्हणजे पुढच्या चेहऱ्यावर तुम्ही हवं ते लावू शकता. अक्रोड परदेशातून कशाला? नव्या संसद भवनाला सागवान नागपुरातून गेलं. सुताराकडे पडलेल्या तुकड्यांतून दहा मिमी रुंद, चार-पाच मिमी जाड पट्ट्या काढून घ्या, मधे दोन-तीन मिमी फट ठेवा. एकच रुंद फळी लावायचा मोह टाळा. मेमधली कोरडी हवा आणि जुलैतली ओल यांच्यात अखंड लाकूड आखडतं, फुगतं आणि कोपऱ्यातून उचकटतं. अरुंद पट्ट्या आपापल्या फटीत हालचाल करून घेतात. पॉलिश दोन्ही बाजूंनी करा, एकाच बाजूने केलं तर पट्टी वाकते. फेविकॉल नको, फोमची जाड डबल टेप वापरा, म्हणजे कंटाळा आला की चेहरा मूळचा. आणि बटण, यूएसबी यांची जागा आधी पेन्सिलीने आखा. ज्यांच्या कॅबिनेटमध्ये पुढूनच हवा शिरते, त्यांनी आठ मिमी पट्टी आणि आठ मिमी फट ठेवावी, आणि पट्ट्या जाळीला चिकटवण्याऐवजी आडव्या दोन लाकडी चिपांवर सेंटिमीटरभर पुढे उचलाव्यात. नाहीतर सौंदर्यासाठी अर्धं नाक दाबल्यासारखं होईल.

पंख्यांची मांडणी: तळाशी दोन १२० मिमीचे, हवा वर फेकणारे, थेट कार्डाच्या पोटाला. वर दोन, बाहेर टाकणारे. दोन स्लॉटचं कार्ड असेल तर तळाशी नेहमीचे २५ मिमी जाडीचे पंखे सहसा बसतात, तीन स्लॉटच्या कार्डाला १५ मिमीचे पातळ लागतात. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसवलेला पंखा ही पहिल्या बिल्डमधली सगळ्यात साधी चूक, आणि बंद डब्यात ती दिसत नाही. टिश्यू पेपरचा तुकडा जाळीशी धरून खात्री करा. कॅबिनेटचे पाय बुटके असतील तर वीसेक मिमीचे रबरी पाय लावा.

एसएमपीएस एसएफएक्स मापाचाच, ६५० वॅट पुरेसा, आणि केबल सुट्या निघणारा. इथे काटकसर केली तर नको असलेल्या केबलचा गुंता कार्डाच्या पंख्यासमोर येऊन बसतो.

जोडणीचा क्रम मोठ्या टॉवरसारखा ठेवला तर छोट्या डब्यात हात अडकतो. आधी कॅबिनेटच्या सगळ्या झडपा काढून सांगाडा उरू द्या. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम आणि एम.टू एसएसडी (फायली साठवणारी पातळ पट्टी) लावा. आयटीएक्स बोर्डाच्या पाठीलाही अनेकदा एक एम.टू जागा असते. ती नंतर आठवली तर सगळं उकलावं लागतं, म्हणून तिचा निकाल आताच लावा. हीटसिंकची मागची पट्टीही आताच. मग हीटसिंक ठेवून, एसएमपीएस बाहेरच जोडून एकदा सुरू करून बघा. डीडीआर५ रॅम पहिल्या वेळी स्वतःची जुळवाजुळव करते. काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, कधी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते. घाबरून स्विच बंद करू नका, चहा घ्या. बायोस दिसलं, की हीटसिंक उतरवायची गरज नसेल तर तसाच, नाहीतर त्याच्याखालची थर्मल पेस्ट पुसून नवी लावून, बोर्ड आत. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल हीटसिंक आडवा यायच्या आत घाला, नंतर तिथे दोन बोटंही शिरत नाहीत. मग २४ पिनांची, मग पुढच्या बटणाच्या बारक्या पिना, पंखे, आणि कार्ड सगळ्यांत शेवटी.

मे-जूनसाठी एक उन्हाळी सेटिंग करून ठेवा. बायोसमध्ये इको मोड असतो; ७६०० ला ४५ वॅटच्या मोडवर आणा. कार्डाची वीजमर्यादा आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून, कार्ड परवानगी देईल तितकी, ८०-८५ टक्क्यांवर. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण वेगात होणारी घट विजेतल्या घटीपेक्षा बरीच कमी असते, आणि पंखे आवाज चढवत नाहीत. पावसाळ्यात पुन्हा मूळ सेटिंग.

अर्थिंगचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. धातूच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कॅबिनेट किंवा एसएमपीएस खराब आहे असं लगेच धरू नका. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते बॉडीला जोडलेले असतात, आणि भिंतीतलं अर्थिंग तुटलेलं असलं की बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता झिणझिण होते आणि टेस्टर मंद पेटतो. उपाय म्हणजे चप्पल घालणं नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून हॉलच्या सॉकेटची तिसरी पिन तपासून घ्या, आणि तीन पिनांना दोन पिनांत बसवणारं ते गोल अडॅप्टर कचऱ्यात टाका. टीव्हीच्या मागचा जुना एक्स्टेन्शन बोर्डही तपासा. अनेकांत तिसरं भोक असतं, मागे वायर नसते.

झुरळं आणि पाल हा विषय परदेशी रिव्ह्यूंमध्ये येत नाही. ऊब असलेला एसएमपीएस त्यांना पावसाळ्यात फार आवडतो. मागच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी फेकून देऊ नका, परत लावा. बोटापेक्षा मोठं कुठलंही उघडं भोक नायलॉनच्या जाळीने झाका. तळाची जाळी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

दुकानात पैसे देण्याआधी खोकं तिथेच उघडायला सांगा. छोट्या कॅबिनेटचा पत्रा वाहतुकीत दबला की झडप बसत नाही, आणि एखादा मिमी इकडेतिकडे झाला तरी हीटसिंक झडपेला घासतो. चारही कोपरे बघा, स्क्रूची पिशवी मोजा, पुढची यूएसबी वाकलेली नाही ना ते पाहा. आणि बिलावर नुसतं 'कॅबिनेट' न लिहिता मॉडेलचं पूर्ण नाव, आवृत्तीसकट लिहून घ्या.